फिरता सूर

नव्या कीबोर्डाला धनराजने पहिल्याच दिवशी अशा शिव्या घातल्या, की समाजमंदिराच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्यांनीसुद्धा खाली माना घातल्या. वस्तूला आई-बहीण नसते म्हणून बरं. धनराजचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे सावलटोल्यातलं शेंबडं पोरही जाणतं. मासे कमी लागले तर तो वैनगंगेवर रागावतो, भात जास्त शिजला तर चुलीवर. पण ऑर्गनवर बसलेला धनराज वेगळा. नवयुग नाट्य मंडळात वीस-बावीस हंगाम त्याने ऑर्गन वाजवला आणि इतक्या हंगामांत एकाही गाणाऱ्या नटाला त्याने उघड्यावर पडू दिलं नाही. कोणाचा सूर सुटला की हा अलगद जाऊन त्याला धरून आणायचा. शिव्या नंतर, मंडपामागे नेऊन.

तो जुना ऑर्गन पायाने भाता मारून वाजायचा. यंदाच्या पावसाळ्यात समाजमंदिरात गुडघाभर पाणी शिरलं, भात्याचं चामडं कुजलं आणि उरलंसुरलं उंदरांनी खाल्लं. तेव्हा मंडळाचा मालक लटारू, म्हणजे धनराजचा सख्खा थोरला भाऊ, नागपूरला गेला आणि डिजिटल कीबोर्ड घेऊन आला. वाजवणाऱ्याला त्याने एका शब्दाने विचारलं नाही. लग्न धनराजचं आणि नवरी पसंत केली लटारूने, असा सगळा प्रकार.

कीबोर्डात ऑर्गनचा आवाज होता, नाही असं नाही. पण तो दाराच्या घंटीसारखा सपाट. पट्टी दाबली की सुरू, सोडली की बंद. ना श्वास, ना हेलकावा. साधनाबाई म्हणजे मंडळाची नायिका, वडशाकडची. दर हंगामाला सावलटोल्यात येऊन राहायची. तिने त्या आवाजावर एक पद म्हणून पाहिलं आणि मध्येच थांबली.

"भिंतीसंगं बोलल्यासारखं वाटून राह्यलं, धनराजभाऊ."

"मी काय करू? भिंतच आणली माया भावानं," धनराज म्हणाला.

तेव्हा प्रफुल पुढे झाला. प्रफुल हा लटारूचा मुलगा, चोविशीतला. चंद्रपूरच्या एका ऑर्केस्ट्रात वर्षभर कीबोर्ड वाजवून आलेला. पोरगा सालस, काकाच्या पायाशी बसूनच पेटी शिकलेला.

"काका, याच्यात रोटरी स्पीकर हाये. तो लावला का आवाज जिता होते."

"ते काय असते?"

"इंग्रजी ऑर्गनच्या मोठ्या पेटीत म्हणे भोंगा गोल फिरत राह्यते. तोंड आपल्याकडं आलं का आवाज जवळ येते, पाठ झाली का दूर जाते. याच्यात भोंगा नाई, काई नाई, पण मशीन त्याची नक्कल करते." कोणाच्याच तोंडावर काही उमटलं नाही, तेव्हा तो म्हणाला, "आपल्या नाटकाचा ऑटो चौकात गोल-गोल फिरते ना, वर भोंगा बांधून? तसं."

हे मात्र सगळ्यांना कळलं. प्रफुलने बटण दाबलं, खोलीच्या दोन कोपऱ्यांत ठेवलेले दोन स्पीकर जागे झाले आणि तोच मेलेला सूर उठून चालायला लागला. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जायचा, मागून वळसा घालून परत यायचा. ढोलकीवाला पत्रू "वा गा" म्हणाला. साधनाबाईने डोळे मिटून तेच पद पुन्हा उचललं आणि या खेपेला शेवटपर्यंत नेलं.

सगळे धनराजकडे वळले. धनराजचं तोंड कडू काढा प्यायल्यासारखं झालं होतं.

"तुटते," तो म्हणाला.

"काय तुटते, काका?"

"सूर तुटते. येते न जाते. मधात खड्डा पडते. असल्या खड्ड्यावर कोणाले गायले लावाचं?"

प्रफुलने फिरण्याचा वेग कमी केला. धनराज म्हणाला, खड्डा मोठा झाला. प्रफुलने वेग वाढवला. धनराज म्हणाला, आता तर टाचेत काटा मोडल्यासारखं लंगडत चाललं. प्रफुलने कमी-जास्त करायचं ते सगळं करून पाहिलं, आवाज किती दूर जाऊ द्यायचा तेही आवळलं, सैल केलं. बाकी कोणालाच खड्डा ऐकू येईना. धनराजला खड्ड्याशिवाय दुसरं काही ऐकू येईना.

"नाचता येईना अंगण वाकडं," पत्रू हळूच म्हणाला.

हळूच म्हणाला, पण धनराजच्या उजव्या बाजूला बसून म्हणाला. मग काय विचारता. धनराज उठला आणि पत्रूच्या बापजाद्यांपासून सुरुवात केली ती त्याच्या ढोलकीच्या चामड्यापर्यंत आला. "मशीन खराब हाये. वापस करा. या डबड्यावर मी पहिला सूर लावणार नाई," असं म्हणून त्याने कीबोर्डाची वायर उपटली आणि घरचा रस्ता धरला. एरवी भाजीत मीठ किती घालायचं यातही तोंड घालणारा लटारू दाराशी उभा राहून हे सगळं पाहत होता. तो त्या दिवशी काहीच बोलला नाही.

आता पहिल्या सुराचं सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच येऊन अडलं. दिवाळीच्या आधी या मंडळात नारळ फुटतो. पेटीवर बसणारा माणूस स्वतःच्या हाताने नारळ फोडतो आणि पहिला सूर लावतो. त्यानंतर शंकरपटांचा, म्हणजे बैलांच्या शर्यतींचा, आणि मंडई म्हणतात त्या जत्रांचा सगळा हंगाम, होळीपर्यंत, ती जागा त्याची. मधे माणूस बदलायचा नाही. माणूस बदलला की नाटक पडतं, असं जुने लोक सांगून गेले आणि कोणी ते तपासायला गेलं नाही. वीस-बावीस वर्षं तो नारळ धनराजने फोडला होता. घरच्या पाच एकरांत आणि नदीच्या जाळ्यात त्याला कोणी धनराजभाऊ म्हणत नव्हतं. ते नाव त्या जागेने दिलं होतं. ती जागा गेली तर उरायचा तो फक्त एक तापट मासेमार ढिवर.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रफुल त्याला हात धरून परत घेऊन आला. यंदा भारनियमन असं होतं, की दुपारी गेलेली वीज दिवे लागायच्या वेळी यायची. समाजमंदिरात दोघेच. प्रफुलने कीबोर्डात सेल भरले आणि हेडफोन काढला.

"काका, स्पीकरचा दोष अशीन. याच्यात आयका. डाव्या कानातून निघते, डोक्याच्या मांगून जाते, उजव्या कानात येते."

धनराजने हेडफोन चढवला. प्रफुलने फिरण्याचा वेग अगदी मंद केला आणि एक पट्टी दाबून धरली.

"येते न जाते," धनराज म्हणाला. "पाह्य, म्हटलं होतं ना? तुटते."

प्रफुलने हेडफोन स्वतःच्या कानाला लावून पाहिला. ठीक होता. मग तो उलटा करून, डावी वाटी उजवीकडे, काकाच्या डोक्यावर चढवला.

"आता?"

"तसंच."

 प्रफुलने एका हाताने पट्टी दाबून धरली आणि दुसऱ्या हाताने काकाच्या उजव्या कानावरची वाटी अलगद उचलली. डावीकडची तशीच राहू दिली. धनराज डोळे मिटून, मान खाली घालून वाट पाहत होता.

"अबे, दाब ना पट्टी," तो म्हणाला.

पट्टी दाबलेलीच होती.

धनराजने डोळे उघडले. आधी प्रफुलचं बोट पाहिलं, मग प्रफुलचं तोंड. पोराच्या डोळ्यांत पाणी तरारलं होतं आणि त्या पाण्याचा धनराजला जेवढा राग आला तेवढा सगळ्या कीबोर्डाचाही आला नव्हता. त्याने हेडफोन ओढून काढला.

"कोणाले बोललास तर तंगडी तोडून हातात देईन."

"काका, कवापासून?"

"तुले काय करायचं? तू जन्मला नव्हता तवापासून."

आपला डावा कान मेलेला आहे, हे धनराजला ठाऊक होतंच. पण जन्मभर एकाच जागेवरून आवाज येणारा ऑर्गन वाजवलेल्या माणसाला हे कोणी सांगितलं नव्हतं, की सूर असा फिरूही शकतो आणि फिरता फिरता मेलेल्या कानामागे जाऊन लपूही शकतो. मशीन खराब आहे असं तो मनापासून म्हणत होता. खराब काय आहे ते आज कळलं.

आणि ते खराब कसं झालं, हे जगात एका माणसालाच ठाऊक आहे, असं तो समजत होता. तो माणूस म्हणजे तो स्वतः.

तेव्हा तो मिसरूड फुटलेला पोरगा होता आणि लटारू नुकता लग्न झालेला. उन्हाळ्यात नदी आटली की मासे हत्तीडोहात गोळा होतात. धनराज खाली बुडी मारून खडकात अडकलेलं जाळं सोडवत होता. लटारूने विहिरी फोडणाऱ्या कोणाकडून तरी सुरुंगाचा एक तोटा मिळवला होता. बारूद पाण्यात टाकली की मासे पोट वर करून तरंगतात. भाऊ वर आला की नाही, हे न पाहताच त्याने वात पेटवली. धनराजला आवाज आठवत नाही. पाण्याने एक थोबाडीत मारली, एवढंच आठवतं. काठावर आला तेव्हा डाव्या कानातून रक्त येत होतं आणि लटारू पांढराफटक पडून त्याला गदागदा हलवत होता.

"ऐकू येते ना बे? ऐकू येते ना?"

"येते," धनराज म्हणाला होता.

खोटं बोलला. बापाला कळतं तर त्याने लटारूला वल्ह्याने फोडून काढलं असतं. आणि बापाचं सोडा, लटारूच्या त्या तोंडाकडे बघून धनराजला दुसरं काही बोलवेना. आईने कोमट तेलात लसूण घालून कानात सोडलं, पाणी गेलं असेल म्हणाली, आणि विषय संपला. पुढे मंडळात आल्यावर धनराजने आपली जागा अशी धरली, की स्टेज उजव्या हाताला येईल. वाऱ्याचं निमित्त सांगितलं. बाजारात कोणी डावीकडून हाक मारली तर तो खोकला काढायचा आणि हाक मारणारा पुढ्यात येईपर्यंत खोकत राहायचा. गर्विष्ठ आहे, लोक म्हणायचे. म्हणू दे. भाऊ सुखाने झोपतो आहे ना, मग झालं.

पण प्रफुलला काकाची शिवी ऐकून घेणं जमायचं, गप्प राहणं जमायचं नाही. त्याने बापाला सांगितलं. चांगल्या मनाने सांगितलं, चंद्रपूरला कानाच्या डॉक्टरकडे न्यावं म्हणून. आणि सांगितल्याचं काकालाही येऊन सांगितलं.

"काय म्हणाला तुया बाप?" धनराजने विचारलं. अंगणात जाळं विणत बसला होता, त्याचा हात थांबला होता.

"काई नाई म्हणाले. आयकून घेतलं."

धनराजने त्याला हाकलून दिलं. शिव्याही धड दिल्या नाहीत. त्याला वाटलं, लटारू आता येईल. ज्याला आयुष्यभर कळू द्यायचं नाही म्हणून मी कान झाकून फिरलो, त्याला आज कळलं. तो येईल, ओसरीवर बसेल, हत्तीडोहाचं नाव काढेल. आणि आला की काय म्हणायचं तेही धनराजने ठरवून ठेवलं: जाऊ दे दादा, जुनी गोष्ट. मनातल्या मनात त्याने ते इतक्या वेळा म्हणून पाहिलं, की त्याचाच त्याला संताप यायला लागला.

लटारू आला नाही. त्या दिवशी नाही आणि पुढेही नाही. गल्लीतून दोनदा गेला. दोन्ही वेळा बाजूच्या घराच्या छपरात काहीतरी शोधत गेला.

धनराजची बायको रुखमा हे सगळं बघत होती. ती घरात जन्मभर नवऱ्याच्या उजवीकडून बोलत आली होती, तिला काही सांगावं लागत नव्हतं.

"तुमी त्याईच्यासाठी गप राह्यले," ती म्हणाली. "ते कोणासाठी गप हायेत?"

"तू तुयं काम कर."

"माया कामाचं मी पाह्यन. पुसलं त्याचं सांगा."

धनराजने ताट सरकवलं आणि उठला. मशिनीचा राग मशिनीवरच काढावा म्हणून तो रोज सकाळी एकटाच समाजमंदिरात जाऊन बसायला लागला. प्रफुलने त्याला बटणं दाखवून ठेवली होती. सूर आधी मंद फिरतो, मग बटण दाबलं की एकदम वेग घेत नाही. जड रहाट फिरायला लागावा तसा हळूहळू चढतो, आणि उतरतानाही तसाच उतरतो. धनराजने दात-ओठ खाऊन ते चढणं-उतरणं हातात बसवलं. सूर गेला की तो कुठे गेला हे त्याला ऐकू यायचं नाही, पण किती वेळाने परत येईल हे कळायला लागलं. मग त्या खड्ड्याची भीती गेली. साधनाबाई एकदा चपला हातात घेऊन दाराशी येऊन ऐकत राहिली. आत येऊन तिने तेच पद त्याच्यावर म्हटलं, आणि म्हणाली, "आता बेस हाये, भाऊ. आता जाऊन वापस येते." म्हणजे वाजवता येत नव्हतं, हे कारण कोणाकडेच उरलं नव्हतं.

नारळाच्या दिवशी सकाळी सगळं मंडळ जमलं. कीबोर्डाला हार घातला, ढोलकीला कुंकू लावलं. नारळ, अगरबत्ती, पेढे. वीज होती, दोन कोपऱ्यांतले स्पीकर लागले होते. धनराज धुतलेलं धोतर नेसून आला होता. रुखमा बायकांत बसली होती. धनराजने नारळाकडे हात नेला, तोच लटारूने घसा खाकरला.

"थांब. आधी एक गोष्ट सांगाची हाये." तो मंडळाकडे तोंड करून बोलायला लागला, आवाजात गूळ घोळून. "धनराज माया भाऊ हाये. त्यानं मंडळासाठी लय केलं. पण आता त्याच्या कानाचा त्रास हाये. हे मशीन दोन कानाचं काम हाये. बाहेरच्या गावात सूर चुकला तर नाव मंडळाचं जाते. त्याले आपण डाक्टरले दाखवू, खर्च मी करन. यंदा पेटीवर प्रफुल बसन."

 पत्रू ढोलकीची दोरी ओढत बसला.

"मी नाई बसत, बाबा," प्रफुल म्हणाला.

"तुले पुसलं नाई. नारळ घे."

धनराजच्या तळपायाची आग मस्तकात गेली. याने माझा कान घेतला. घेऊ दे, मी दिला म्हणून घेतला. पण त्या गेलेल्या कानाचंच कारण सांगून हा जागाही घेतो, आणि तीही स्वतःच्या पोरासाठी, आणि वर दयेचा आव आणतो. याला माहीत नाही म्हणून मी गप्प होतो. आता माहीत झालं तर हा एवढंच बोलतो?

तो ओरडला नाही. आयुष्यात पहिल्यांदा राग आला आणि ओरडला नाही, त्यामुळे सगळे जास्त घाबरले. त्याने हेडफोन उचलला, कीबोर्डात खुपसला. स्पीकर गप्प झाले. मग त्याने लटारूचा दंड धरून त्याला खुर्चीवर बसवलं, उजव्या कानावर एक वाटी चढवली आणि डाव्या कानाच्या भोकात स्वतःचा अंगठा घालून दाबून धरला.

"धन्या, काय करून राह्यला?"

"आयक."

वेग मंद. एक पट्टी. खोलीतल्या कोणालाच काही ऐकू येत नव्हतं. सगळे नुसते लटारूचं तोंड पाहत होते.

"काय आयकू येते?"

"सूर येते."

"मंग?"

"जाते." लटारूने मान सोडवायचा प्रयत्न केला, धनराजने सोडली नाही. "येते न जाते."

"हत्तीडोहापासून मी असाच आयकून राह्यलो. जाते तवा कुठी जाते, मालूम हाये?"

लटारूची नजर दाराकडे गेली.

"त्या डोहात जाते," धनराज म्हणाला. "तू वात लावली, न मी खाली होतो."

आता कुजबुज उठली. साधनाबाईने तोंडावर हात ठेवला. प्रफुल बापाकडे पाहत होता आणि बाप जमिनीकडे. धनराजने अंगठा काढला. त्याला वाटलं, आता लटारू रडेल, नाहीतर म्हणेल, मला काय ठाऊक बाबा, तूच तर म्हणाला होता येते म्हणून. त्यातलं काहीही म्हणाला असता तरी चाललं असतं.

लटारूने हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"मले मालूम होतं," तो म्हणाला.

"काय मालूम होतं?"

"त्याच दिवशी मालूम झालं. वापस येताना मी तुले मांगून हाक मारली. मी डाव्या अंगाले होतो. तू उजवीकडं पाह्यलं."

धनराजला एकदम सगळं दिसायला लागलं. दर गावात मंडप घालताना स्टेज पेटीच्या उजव्या हाताला ठेवा, असं सुताराला आधी जाऊन सांगणारा लटारू. प्रत्येक गोष्टीत तंटा घालणारा, पण वाऱ्याच्या त्या खोट्या निमित्ताला कधी फाटे न फोडणारा लटारू. खेळ चालू असताना दर खेपेला उजव्या कानाशी येऊन वाकणारा लटारू. अळीमिळी गुपचिळी, दोघांचीही. फरक एवढाच की एकाने ती भावासाठी धरली होती.

"मंग पुसलं काऊन नाई? एवढी वर्षं. एकदा तरी पुसाचं होतं."

लटारूने वर पाहिलं. खोटं बोलायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

"पुसलं असतं तर तू सांगतलं असतं," तो म्हणाला.

धनराजच्या हातात तोवर नारळ आला होता. तो कोणावर फुटणार हे क्षणभर तिथल्या कोणालाच सांगता आलं नसतं, धनराजलाही नाही. लटारू खुर्चीवरून उठला आणि बाजूला सरकला. धनराजने तो नारळ पायरीच्या दगडावर असा आपटला की अर्धी करवंटी अंगणात जाऊन पडली. पाणी कीबोर्डावर शिंपडलं. खुर्ची ओढली, बसला. हेडफोनची वायर उपटली. दोन्ही कोपऱ्यांतून पहिला सूर निघाला आणि फिरायला लागला. प्रफुल सगळ्यांच्या आधी पाया पडला. नारळ फुटला होता, सूर लागला होता, आता होळीपर्यंत मालकालाही काही करता येणार नव्हतं.

लटारू थोडा वेळ उभा राहिला. मग नेहमीसारखा धनराजच्या उजव्या बाजूला आला आणि कानाशी वाकला.

"धनू, माया आयक..."

"इकून नाई," धनराज पट्टीवरचं बोट न उचलता म्हणाला. त्याने डाव्या हाताने पलीकडची बाजू दाखवली. "आजपासून तुले जे बोलाचं ते तिकून बोल."

लटारू गेला. खरंच खुर्चीमागून वळसा घालून डाव्या बाजूला गेला, वाकला आणि बोलायला लागला. धनराजने आवाज वाढवला. लटारू बराच वेळ बोलला. जवळ बसलेल्यांनी ते ऐकलं. साधनाबाईने डोळ्याला पदर लावला, पत्रूने ढोलकी खाली ठेवली, रुखमासुद्धा मान खाली घालून बसली. ज्याच्यासाठी ते होतं त्याने मान वळवून भावाचे ओठही पाहिले नाहीत. सूर उजव्या कानात आला, आला तसा गेला, आणि धनराजने बटण दाबून त्याचा वेग वाढवला.